चिऱ्याच्या गॅरेजात कामाची जागा

गेल्या श्रावणात भिंतीवरचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, खाली काढला, तर त्याच्या पोलादी पात्यावर माझाच अंगठा उमटलेला. रेघारेघांसकट, तांबूस रंगात. आठवडाभरापूर्वी घामेजल्या हाताने धरून मी तो न पुसता टांगला होता, एवढेच निमित्त. घामातले मीठ आणि डिचोलीची पावसाळी हवा, दोघांनी मिळून सात दिवसांत पोलादावर ठसा घेतला.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणून घरच्या गॅरेजात छोटे वर्कशॉप मांडायचे असेल, तर आपल्याकडे कामाचा क्रम हवेला धरून ठरवावा लागतो. आधी ओल, मग वीज आणि उजेड, मग भिंती, मग टेबल, आणि सगळ्यात शेवटी हत्यारे. मी नेमका उलटा गेलो होतो. पहिल्याच महिन्यात ड्रिल आणि पॉवर करवत घेतली, रॅक आणला, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर अर्ध्या वस्तू दुसऱ्यांदा विकत घ्याव्या लागल्या. नव्याने सुरुवात करणाऱ्या कुणाचे पैसे असे जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात एप्रिल-मे महिन्यात करा. घरोघरी पुरुमेंताची बेगमी चालू असते, कौले शाकारली जातात, त्याच दिवसांत गॅरेजही हाती घ्या. जूनमध्ये सुरू केलेत तर लाकूड ओले, भिंत ओली, रंग सुकत नाही, आणि उत्साह तेवढा विरून जातो.

पहिला दिवस: सगळे अंगणात

झाडलोट करता करता आवरायचे, हा बेत धरू नका. गॅरेज पूर्ण रिकामे करा. जुनी कौले, रंगाचे अर्धे डबे, चतुर्थीच्या मखराचे सामान, मुलांची लहानपणची सायकल, न्हाणीघरासाठी साठवलेली नारळाची सोडणे, सगळे अंगणात उन्हात मांडा. सोडणांचा आणि कौलांचा ढीग हलवताना हातात जाड हातमोजे घाला आणि आधी काठीने ढवळा. त्यात विंचू हमखास असतो आणि कधी साप.

मग ढीग लावा: गॅरेजात परत जाणारे, घरात किंवा माळ्यावर जाणारे, आणि भंगारात जाणारे. 'कधीतरी लागेल' असा चौथा ढीग होऊ देऊ नका. अपवाद एकच, लाकूड. जुन्या दाराची चौकट, सागाची फळी, मट्टीचा किंवा किंदळीचा वाशाचा तुकडा, फणसाची फळी यांतले काहीही टाकू नका. असे पिकलेले लाकूड आज विकत घ्यायला गेलात तर खिसा रिकामा होईल. वाळवी लागली आहे का ते मात्र स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक सहज आत गेले तर तो तुकडा चुलीत.

भंगार देताना पितळ, तांबे आणि अॅल्युमिनियम वेगळे काढा, कारण सरसकट लोखंडाच्या भावात ते गेले तर नुकसान तुमचे. आमच्या गॅरेजातून निघालेल्या जुन्या नळांच्या तोट्या आणि एक फुटका पितळी पंप यांच्यावर पुढचे एलईडी दिवे आले.

ओल कुठून येते ते शोधा

ओल येण्याच्या वाटा चार: छप्पर, भिंत, जमीन आणि हवा. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी कोणती वाट चालू आहे ते कळायला हवे.

छपराची तपासणी फुकट होते. भर दुपारी गॅरेजचे दार लावून आत अंधार करा आणि दोन मिनिटे डोळे सरावू द्या. छपरातून जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथून जूनमध्ये पाणी येणार. खाली जमिनीवर खडूने खूण करा, म्हणजे वर चढल्यावर शोधाशोध होत नाही. कौल सरकलेले असेल तर सरळ करा, तडकलेले असेल तर बदला. पत्रे असतील तर पत्र्याला भोक जितके लहान, तितके ते नजरेतून सुटते. हुकाच्या बोल्टखालचे काळे वायसर उन्हाने तडकतात आणि पाणी बहुतेक वेळा तिथूनच आत येते. वायसर स्वस्त आहेत, सगळेच बदलून टाका.

भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असली की ती पाणी पिते. आतून पांढरी भुकटी सुटली असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर बाहेर जाऊन बघा. पुष्कळदा बाहेरची माती वर्षानुवर्षे साचून जोत्याच्या वर आलेली असते, किंवा वळचणीच्या पागोळ्या भिंतीच्या पायाशीच पडतात. फावड्याने माती मागे ओढा, पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार द्या, जमल्यास पन्हळ लावा. ज्या बाजूने पाऊस झोडपतो त्या भिंतीला पूर्वी माडाच्या विणलेल्या चुडतांच्या ताट्या बांधत. आता मेणकापड बांधतात, तेही चालते.

आतून ऑइल पेंट लावण्याचा मोह टाळा. ओल भिंतीत अडकते आणि दुसऱ्या वर्षी पापुद्रे निघतात. चुन्याचे दोन हात द्या, त्यात चिमूटभर नीळ. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि चिऱ्याच्या काळपट लालीने गिळलेला उजेड परत मिळतो. पूर्ण गॅरेजच्या सुधारणेत इतक्या कमी पैशात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

जमिनीसाठी एक सोपी परीक्षा आहे. दोन फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिक कोब्यावर पसरून चारही कडांना चिकटपट्टी लावा आणि एक दिवस तसेच राहू द्या. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला पाणी जमले तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे, दमट वारा गार फरशीला लागून फरशीला पाणी सुटते. पहिल्या प्रकारात सगळे सामान जमिनीपासून वीतभर उंच ठेवावे लागेल. दुसऱ्या प्रकारात हत्यारे बंद डब्यांत ठेवावी लागतील. आमच्याकडे दोन्ही आहे.

आणि हवा. पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवून गॅरेज 'हवेशीर' ठेवले की हत्यारे वाचतात, ही समजूत चुकीची आहे. जुलैत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. माणसाला वारा हवा, पण पोलादाला बंद डबा हवा.

वीज आणि उजेड

इथे पैसे वाचवू नका, आणि स्वतः तारा जोडू नका. परवानाधारक वायरमन बोलवा आणि त्याच्याकडून या गोष्टी करून घ्या: गॅरेजसाठी वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारे बटण), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारे बटण), खरोखर चालणारे अर्थिंग, आणि १६ अँपिअरचे निदान दोन सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून ड्रिल धरणाऱ्या माणसाला जिवंत ठेवते ती आरसीसीबी. तिच्यावर चाचणीचे बटण असते, महिन्यातून एकदा दाबून बघा, ती पडली पाहिजे. सॉकेट टेबलाच्या वर, जमिनीपासून चारेक फुटांवर घ्या, म्हणजे दाराखालून पाणी आत आले तरी धोका नाही. घरातून खिडकीतून ओढलेली एक्स्टेंशनची तार हे कायमचे साधन नव्हे.

उजेडासाठी चार फुटी २० वॉटच्या दोन एलईडी ट्यूब पुरतात. त्या छताच्या मधोमध लावल्या तर टेबलाशी उभे राहिल्यावर तुमचीच सावली कामावर पडते. म्हणून तुम्ही उभे राहता त्या कडेपासून किंचित आत, टेबलाच्या वर, टेबलाला समांतर लावा.

भिंतीवर सामान: चिऱ्याची गोष्ट वेगळी

विटांच्या भिंतीत गिट्टी ठोकली, स्क्रू आवळला, काम झाले. चिऱ्यात तसे होत नाही. चिरा सच्छिद्र असतो, ड्रिल लावले की कधी मऊ मातीत गेल्यासारखे टोक आत जाते आणि कधी लोखंडी खड्यावर अडकते. भोक हवे त्यापेक्षा मोठे होते आणि प्लॅस्टिकची गिट्टी आठवड्याभरात हलू लागते. माझा पहिला रॅक असाच अर्ध्या रात्री खाली आला, रंगाच्या डब्यांसकट.

उपाय हा की वजन भिंतीवर देऊच नये, जमिनीवर द्यावे. तीन बाय एक इंची चार पट्ट्या घ्या, त्या जमिनीपासून वरपर्यंत भिंतीला टेकवून उभ्या करा, बुडाखाली ग्रॅनाइटचा तुकडा. टाइल्सच्या दुकानामागे असे तुकडे पडलेले असतात, बहुतेक वेळा मागितले की मिळतात. भिंतीतले स्क्रू आता फक्त पट्टी पुढे झुकू नये यासाठी आहेत, भार उचलण्यासाठी नाहीत. प्रत्येक पट्टीला चार ठिकाणी तीन इंची स्क्रू मारा. भोक मोठे झाले तर त्यात सिमेंटचे घट्ट कालवण भरून त्यातच सुक्या लाकडाची गिट्टी ठोका आणि दोन दिवस हात लावू नका.

या उभ्या पट्ट्यांवर आडव्या पट्ट्या येतील. १८ मिलिमीटर प्लायची चार इंची पट्टी लांबीच्या बाजूने मधोमध ४५ अंशांत चिरून घ्या, लाकडाच्या गिरणीत हे पाच मिनिटांचे काम आहे. एक अर्धी पट्टी भिंतीकडे, तिची तिरकी कड वर आणि भिंतीच्या बाजूला उतरती. दुसरी अर्धी तुम्ही बनवलेल्या कप्प्याच्या मागे उलटी लावायची. कप्पा वरून अडकवला की वजनानेच घट्ट बसतो आणि उचलला की निघतो. याला फ्रेंच क्लीट म्हणतात. पहिल्या वर्षी हत्यारांच्या जागा सतत बदलतात, आणि इथे जागा बदलायला नवे भोक पाडावे लागत नाही.

भोकाभोकांचा पेगबोर्ड घेऊ नका. तो बहुधा हार्डबोर्डचा असतो. माझा जुलैत पोटाशी फुगला आणि ऑगस्टमध्ये त्याचे हुक गळू लागले.

आता कुठे काय ठेवायचे. आमच्या वाड्यावर एक म्हातारे मेस्त होते, जन्मभर दारे-खिडक्या केलेले. त्यांच्याकडे मी लहानपणी तासन्‌तास बसत असे. पटाशी हातात दिली की ते एकच वाक्य म्हणत, "जंय घेतलें थंयच दवर." जिथून घेतलेस तिथेच ठेव. हे पाळता यावे म्हणून 'तिथे' म्हणजे कुठे, ते आधी ठरलेले हवे. टेबलासमोर उभे राहून हात लांब केल्यावर जिथे पोचतो तेवढ्या भिंतीवर फक्त रोजची हत्यारे: हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, गुण्या, मोजपट्टी, पटाशा, करवत. प्रत्येकाच्या मागे त्याचा आकार पेन्सिलीने काढा आणि रंगाने गिरवा. रात्री दिवा घालवताना नुसती नजर फिरवली की कोणते हत्यार जागेवर नाही ते कळते. आठवड्यातून एकदा लागणारे त्याच्या वरच्या फळीवर. जड वस्तू खाली, पण जमिनीवर काहीच नाही. सर्वांत खालची फळीसुद्धा वीतभर वर.

खिळे, चुका, स्क्रू, वायसर यांसाठी काचेच्या रिकाम्या बरण्या. बरणीचे झाकण फळीच्या खालच्या बाजूला दोन स्क्रूंनी ठोका आणि बरणी खालून फिरवून अडकवा. आत काय आहे ते दिसते आणि झाकण घट्ट असल्याने गंजही कमी. एकाच स्क्रूने झाकण लावू नका, बरणीबरोबर तेही फिरते. मोठ्या सामानासाठी तेलाचे १५ किलोचे पत्र्याचे डबे आडवे कापून चांगले खण होतात. कापलेली कड पकडीने आत दुमडून हातोडीने चेपा. ती न दुमडलेली कड ब्लेडसारखी कापते.

टेबल

टेबलावर वेळ घालवा. बाकी सगळे नंतर सुधारता येते, पण हलणाऱ्या टेबलावर ना सरळ करवत चालते ना रंधा.

उंची आधी. ज्या चपला घालून काम करणार त्या घाला, सरळ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्या, ती तुमच्या टेबलाची उंची. माझी ३४ इंच आली. बाजारातले टेबल बहुधा ३० इंची असते आणि त्यावर तासभर वाकलात की कंबर सांगते. रुंदी दोन फूट पुरे, त्यापलीकडे हात पोचत नाही आणि तिथे पसारा साचतो. लांबी जागेप्रमाणे, पण पाच फुटांच्या खाली नको.

लाकूड कुठून आणायचे? पहिला पर्याय मोडलेल्या जुन्या घरांचे लाकूड. दुसरा, कुंडई, बेतोडा, वेर्णा अशा औद्योगिक वसाहतींतून निघणारे मालाचे पॅलेट. पॅलेट घेताना त्यावरचा जाळून उमटवलेला शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केले आहे, ते घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेला आहे, ते घरी आणू नका. शिक्काच नसेल किंवा तेला-रसायनाचे डाग असतील तरीही नको. पॅलेटच्या फळ्या पातळ असतात, त्या कप्प्यांना आणि खणांना वापरा. पायांसाठी तीन बाय तीन इंचीच हवे.

वरच्या फळीसाठी जुने सागवानी दार मिळाले तर सोने. त्याच्या दिलह्यांमुळे पृष्ठभाग खालीवर असतो, म्हणून वर १२ मिलिमीटरचा प्लाय स्क्रूने बसवा. दार नसेल तर १८ मिलिमीटरचे दोन प्लाय एकावर एक चिकटवा. प्लाय घेताना दुकानदाराने तोंडी 'वॉटरप्रूफ' म्हटले म्हणून घेऊ नका. मी एकदा घेतला होता, पहिल्या गणपतीपर्यंत त्याच्या कडा फुगून वहीच्या पानांसारख्या सुटल्या. प्लायवर छापलेला आयएसआयचा शिक्का आणि त्याखालचा आकडा वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. आयएस ३०३ असेल तर सोबत बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) लिहिलेले हवे, एमआर (नुसत्या दमटपणाला तोंड देणारा) लिहिलेला आपल्या हवेत टिकत नाही. आणि कोणताही प्लाय असो, कापलेल्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात. पाणी कडेतून शिरते.

जोडणी अशी. आधी दोन बाजूंच्या चौकटी करा, प्रत्येकीत दोन पाय, एक वरची आडवी आणि एक खालची आडवी, खालची जमिनीपासून सहा इंचांवर. मग या दोन चौकटी पुढे-मागे लांब आडव्या पट्ट्यांनी जोडा. खिळे कुठेही नकोत, १० मिलिमीटरचे बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वायसर. पावसाळ्यात लाकूड फुगते, जानेवारीत आकसते. खिळा त्यात सैल होतो, बोल्ट मात्र पुन्हा आवळता येतो. पक्के आवळण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. समान आले तर कोन काटकोन, नाही तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हलकेच ठोका आणि पुन्हा मोजा. गुण्यापेक्षा ही मोजणी खात्रीची. कोपऱ्यांना प्लायचे त्रिकोण लावले की टेबल डुलत नाही.

पायांची बुडे ही वाळवीची आणि ओलीची पहिली वाट. पूर्वीपासून आपल्याकडे काजूबियांच्या टरफलांचे तेल लाकडाला आणि होड्यांना लावतात. ते मिळाले तर बुडांना दोनदा पाजा, पण हातमोजे घालूनच. कातडीला लागले तर फोड येतात. नाही मिळाले तर ऑइल पेंट. मग प्रत्येक पायाखाली ग्रॅनाइटचा तुकडा. आणि टेबल भिंतीला चिकटवू नका, तीन बोटे जागा सोडा. वाळवी मातीचे बोगदे करत वर चढते, ती फट असली की बोगदा दिसतो आणि मोडता येतो.

शेवटी शिकंजा, म्हणजे व्हाइस. चार इंचांचा पुरतो. तो टेबलाच्या कोपऱ्यात, पायाच्या बरोबर वर बसवा, म्हणजे हातोडीचा मार थेट जमिनीत जातो. त्याचा न हलणारा जबडा टेबलाच्या कडेच्या केसभर बाहेर आला पाहिजे. आत राहिला तर लांब पाइप किंवा फळी उभी पकडताच येत नाही, टेबलाची कड आड येते.

हत्यारे: एकेक काम, एकेक खरेदी

मोठा संच एकदम घेऊ नका. त्यातली निम्मी हत्यारे कधी उघडली जात नाहीत आणि उरलेली कमी दर्जाची निघतात. अर्धा किलोची हातोडी, पक्कड, चांगले चार स्क्रू ड्रायव्हर, ६ ते २२ मिलिमीटरचे पाने, हॅक्सॉ, एक करवत, अर्धा आणि एक इंची पटाशी, एक कानस, गुण्या, मोजपट्टी, दोन क्लॅम्प आणि १३ मिलिमीटर चकचे ड्रिल. एवढ्यावर वर्ष जाते. पुढचे हत्यार एखादे काम अडले की घ्या.

जुनी हत्यारे जरूर घ्या. जुन्या पटाशांचे पोलाद पुष्कळदा आजच्या स्वस्त पटाशीपेक्षा चांगले असते. घेताना पटाशीची सपाट पाठ बघा. धारेजवळ गंजाने खड्डे पडले असतील तर सोडा, वरचा गंज मात्र निघतो. पाना घेताना जबडे पसरलेले नाहीत ना ते बघा.

गंज काढायला व्हिनेगर. घरचा माडाच्या सुरेचा व्हिनेगर स्वयंपाकालाच ठेवा, दुकानातला साधा स्वस्त पुरतो. मुठी काढून हत्यार प्लॅस्टिकच्या भांड्यात बुडवा, दर दोन-तीन तासांनी काढून तारेच्या ब्रशने घासा. रात्रभर पुरे, विसरून चार दिवस ठेवलेत तर आम्ल चांगले पोलादही खाते. चकचकीत मुलामा असलेले पाने यात बुडवू नका. बाहेर काढल्यावर पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, लगेच फडक्याने पुसा, उन्हात तापवा आणि गरम असतानाच तेल लावा. हा शेवटचा भाग चुकला तर तासाभरात नवा गंज धरतो.

पावसाळ्यातली राखण

टेबलाच्या कडेला एक डबा आणि त्यात तेल लावलेले फडके, कायमचे. काम संपले की हत्यार त्याने पुसायचे आणि मगच टांगायचे. त्या अंगठ्याच्या ठशानंतर मी एकदाही हे चुकवलेले नाही. तेल शिलाई मशीनचे घ्या. खोबरेल तात्पुरते चालते, पण जुने झाले की खवट होते आणि मुंग्या येतात. जून ते सप्टेंबर न लागणारी हत्यारे असतील तर त्यांना ग्रीसचा पातळ हात देऊन जाड कागदात गुंडाळा.

पटाशा, ड्रिलची टोके, मोजमापाची साधने यांसाठी रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलची पुडी. निळे जेल गुलाबी झाले म्हणजे ते पाण्याने भरले. मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होते. तापवताना जुना पत्र्याचा डबा वापरा, स्वयंपाकाचे भांडे नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असते. पूर्वी हत्यारांच्या कपाटात बारीक दिवा लावून ठेवत, त्याच्या उबेने कपाट कोरडे राहते. ते तारेच्या जुन्या बल्बनेच होते. एलईडीला तेवढी उष्णता नसते.

ग्राइंडरच्या चकत्याही ओलीने बिघडतात. त्यांच्या मधल्या कड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते, ती उलटली असेल तर चकती फेकून द्या, अखंड दिसली तरी.

आणि ग्राइंडरवरून सांगतो. आपल्या गॅरेजात स्कूटर उभी असते, टाकीत पेट्रोल असते. ग्राइंडर किंवा वेल्डिंग करण्याआधी गाडी बाहेर काढा, दरवेळी, दोन मिनिटांचे काम असले तरी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि ठिणग्याही तिथेच पडतात. दाराजवळ, हाताला येईल असा एबीसी पावडरचा छोटा अग्निशामक टांगा आणि वाळूची बादली भरून ठेवा. जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेते. बाहेर दोरीवर पसरून वाळवा. डोळ्यांना चष्मा नेहमी हवा. ड्रिल चालवताना मात्र हातमोजे काढा, फिरते टोक मोज्यासकट बोट ओढते.

खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतोच. तोवर पाऊस सरत आलेला असतो. पूजेच्या आदल्या दिवशी भिंतीवरचे सगळे खाली काढा, प्रत्येकाला उजेडात फिरवून बघा, टेबलाचे बोल्ट आवळा, पायांमागे वाळवीचे बोगदे शोधा, आरसीसीबीचे बटण दाबा.

पहिले काम

मेमध्ये सुरुवात केली असेल तर श्रावणापर्यंत टेबल उभे असते आणि हात काही करायला आसुसलेले असतात. माझ्या मते पहिले काम म्हणून चतुर्थीच्या माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळापानांनी सजवून टांगतात त्या मांडवीची, चौकट करावी. पुष्कळ घरांत ती दरवर्षी सुंभाने बांधून वेळ मारून नेतात.

गणपतीच्या चौरंगाच्या वर आणि चारही बाजूंना वीतभर बाहेर येईल एवढे माप घ्या. दोन बाय एक इंची सुक्या पट्ट्या, बाहेरची चौकट आणि आत दोन्ही बाजूंनी वीत वीत अंतरावर आडव्या-उभ्या पट्ट्या. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे दोन्हींची अर्धी अर्धी जाडी करवतीने आणि पटाशीने काढून त्या एकमेकींत बसवा. पहिले दोन-तीन सांधे सैल होतील. ते मागच्या बाजूला जातील असे चौकटीचे तोंड ठरवा. चार कोपऱ्यांना बोल्टने लोखंडी कड्या, आणि पट्ट्यांच्या कडा पॉलिश पेपरने गोल करा, म्हणजे सुंभ कापले जात नाही.

माटोळीला नारळ, सुपारीचे घोस, केळीचा घड, तोरिंजन, रानातली फळे असे बरेच वजन येते. म्हणून चौकट टांगल्यावर लगेच सजवू नका. चतुर्थीच्या चार दिवस आधी तिला नारळाच्या दोन पेंडी मधोमध बांधा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी खालून दोरी ताणून मधला झोक मोजा. बोटभराहून जास्त खाली आली असेल तर मधल्या पट्टीवर आणखी एक पट्टी उभी चढवा.